कोऱ्या कागदावरच्या सह्या

जुना जालना,
१२ फेब्रुवारी २०२४

रामराव पाटलास लालमियाँचा सलाम. वि. वि.

लेकीकडे, गजालाच्या घरी येऊन पडलोय. फोनवर बोलायची धास्ती वाटते, कोण ऐकत असेल सांगता येत नाही. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, तू हसशीलच, पण पुरतं वाच.

माझा पोरगा आमेर गावातल्या दगडफेकीत धरला गेला, त्याला तुरुंगात चाळीस दिवस झाले. त्याच दगडफेकीतले दुसऱ्या बाजूचे दोघे चौथ्या दिवशी जामिनावर सुटले. आमेरचा गादी शिवायचा दाभण मात्र 'टोकदार हत्यार' म्हणून पंचनाम्यात चढलाय. दगड पडले तेव्हा तो तुझ्याच ओसरीवर तुझ्या नातीच्या लग्नाच्या गाद्या शिवत होता, हे मी ठाण्यात सहा वेळा सांगितलं. साहेब म्हणाले, बाबा, तुम्ही लोक एकमेकांसाठी बोलणारच. लिहूनच घेतलं नाही. वकीलबाई संध्याताई म्हणतात, पाटलाचं ऐकतील. तू ये.

आजवर ठेवलीस ती माया राहू दे.
लालमियाँ


तीर्थपुरी,
१७ फेब्रुवारी २०२४

मित्र लालमियाँस रामराम. वि. वि.

हसू आलं नाही रे. एक गोष्ट तुला सांगायची राहिली की मी लपवली, देव जाणे. गावात काही झालं की जमादार पंच म्हणून माझीच सही घेतो. तीस वर्षांची रीत. त्या संध्याकाळी त्यानं कोरे कागद पुढं केले, म्हणाला, काका, मजकूर मंग भरतो. चहा पीत पीत मी सह्या केल्या. त्यातलाच एक आमेरचा पंचनामा निघाला.

आता उलटं बोललो तर माझ्यावरच केस. अंगद म्हणतो, बाबा, लेकीचं लग्न तोंडावर आलंय, गप बसा. कारभारीण तुळजाबाई चार दिवस बोलत नव्हती. काल ताट वाढताना एवढंच म्हणाली, त्या गाद्यांवर पोरीला कशी निजवू.

केस झाली तर होवो, येतो कोर्टात. लोभ कमी केलास तरी तक्रार नाही.
रामराव


जुना जालना,
२ मार्च २०२४

रामराव, सलाम. वि. वि.

आमेर काल घरी आला. दार वाजलं की उठून दोन्ही हात पुढं करतो. गजाला तोंड फिरवून रडते.

तुझं प्रतिज्ञापत्र वाचलं तेव्हा न्यायाधीशांनी मान वर केली. तेच मी दोन महिने सांगत होतो. तुझे उपकार मानतो, आणि मानताना रागही येतो. माफ कर.

कोर्टाबाहेर गावाकडची, आमच्या गल्लीतली रहिमुन्निसा उभी होती. तिचा अबुजर अजून आतच आहे. पाटील माझ्या पोरासाठी बोलतील का, म्हणून विचारत होती. मी म्हणालो, ते त्याला ओळखत न्हाईत. तर म्हणते, चच्चा, अबुजरच्या कागदावरही त्यांचीच सही आहे. सही करताना ओळख लागली न्हाई, सोडवतानाच कशी लागते?

मंगळवारी ती तुझ्या दारी येईल. मी अडवलं नाही.

तुझ्या मायेचा भुकेला,
लालमियाँ