बाटलीवरचा फोटो

आबा, तुमचा नातू तुमचा फोटो वाइनच्या बाटलीवर छापायचा म्हणतोय. लग्नातला, फेटा बांधलेला. खाली लिहिणार, 'आजोबांच्या हातची वाइन'. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या कानावर घालणारं आता कुणी नाही, म्हणून मीच लिहितेय. तुमची सून.

फोटोला माझी ना नाही. बेडशाच्या डोंगराच्या अंगाला, जिथं भाताशिवाय कुणी काही पिकवलं नव्हतं, तिथं मुरमाड उतारावर द्राक्षं लावायची छाती तुमचीच. लोक हसले, तुम्ही ऐकून सोडून दिलंत. वेलीखाली बसून मणी फोडायचात, बी दाताखाली धरायचात, ती कुरकुरली की म्हणायचात, "उद्याच्याला तोडनी." पण घड चेचून टाकीत पडले आणि रस फसफसायला लागला, की तुमचं काम संपायचं. बापानं दारूपायी घर बुडवलेलं, त्यामुळं तुम्ही थेंबसुद्धा तोंडात घेणार नव्हतात. आणि चाखल्याशिवाय कळणार कसं? काळ्या द्राक्षाची सालं रसातच आंबतात, त्यांचाच रंग उतरतो. पण वेळेत गाळून घेतलं नाही तर सगळी टाकी कडू. ती वेळ जिभेलाच कळते. तुमचा लेक तळेगावला कंपनीत, शिफ्टवर. सासूबाई टाकीच्या खोलीची पायरीही चढायच्या नाहीत. मग राहिलं कोण?

अजून डोळ्यांसमोर आहे. मी नवी, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा पेला. सासऱ्यासमोर सुनेनं घ्यायची कशी, म्हणून तुम्हीच भिंतीकडे तोंड करून उभे. "घे सूनबाई. आन् मोरीत थुक." मी घाबरत म्हणते, "चांगली आहे." तुम्ही भिंतीवरच ओरडता, "चांगली म्हंजी काय? आमटीला बी तू चांगलीच म्हनतीस. कुटं लागतीया, जिभंच्या शेंड्याला का घशाला?" मला रडूच आलं. मग मी पुन्हा घोट घेतला नि म्हणाले, "जांभळाची बी चावल्यावर होतं ना, तसं होतंय. कडेकडेनं." "मंग आजच गाळू," म्हणालात. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर दर हंगामाला मीच ठरवत आले, तुमच्या माघारीही. बाहेर मात्र कुणाला सांगायचं नाही, हे घरात न बोलता ठरलेलं. पोराला माहीत नाही असं नाही हो. पण त्याला ते आईचं रोजचं काम वाटतं, भाकरी थापल्यासारखं.

आता शनिवार-रविवारी लोणावळ्याला आलेली माणसं गाडी वळवून आपल्याकडे येतात, चाखतात, बाटल्या नेतात. परवा एका पाहुण्यानं भिंतीवरचा तुमचा फोटो बघून विचारलं, "आजोबा रोज घेत असतील ना?" पोरगं हसत म्हणालं, "मग! सगळी त्यांच्याच जिभेची कमाल." माझ्या हातात पेल्यांचा ट्रे होता. आबा, मला इतका राग आला. म्हटलं, "ते थेंबही घेत नव्हते. जीभ माझी आहे. तुम्ही पिताय ती कधी गाळायची, ते मी ठरवलंय." पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. पोरगंही.

संध्याकाळी मी पेले विसळत होते, तेव्हा शेजारी येऊन उभा राहिला. "आई, बाटलीवर तुझा फोटो लावू या?"

"काहीतरीच काय, या वयात," मी म्हणाले. "आबांचाच लाव."

हे कागद कुठं धाडायचे, ते काही मला माहीत नाही, कपाटातच राहतील. पण तुमच्यापाशी सांगायला हरकत नाही. नको म्हणाले खरी, आणि आज सकाळपासून घरातले सगळे अल्बम काढून बसलेय. सगळीकडे मी पंगतीत वाढताना, नाहीतर कडेला अर्धी. उद्या तळेगावला जाऊन एक चांगला काढून घेणार आहे. पोराला अजून बोलले नाही.