आधी अर्क, मग थिनर

जोहे, १० जुलै २०२४

ती. गिरजाताईस,
कमळाकरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितो. गणपतीच्या डोळ्यांत पांढरा रंग भरत होतो, तर तुझी भावजय अनिता म्हणाली, आधी देवाचे डोळे बघा नि मग आरशात स्वतःचे बघा. पिवळेजर्द! पेणचे डॉक्टर म्हणतात, रंगातल्या थिनरने लिव्हरला सूज आलीय, स्प्रे बंद. हमरापूरचा वैदू म्हणतो, तेल-मीठ बंद. शेजारचा जितेश म्हणतो ताडी बंद, जी मी पीतच नाय. इकडे शेड बिनरंगी मूर्तींनी भरलीय. कुणाचं ऐकू? आपली प्रणिता कॉलेजात उंदरांवर औषधं तपासते ना, तिला विचार.

तुझा कमळाकर

रोहा, १३ जुलै

चि. कमळाकरास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं नि लगेच पोरीला विचारलं. प्रणिता म्हणते, त्यांच्याकडे उंदरांना आधी भुईआवळीचा अर्क पाजतात, मग विषारी रसायन देतात. अर्कवाल्या उंदरांचं लिव्हर बरंच शाबूत राहिलं म्हणे. भुईआवळी तर आपल्या बांधावर मेली ढिगाने उगवते! मीच ठेचून रस काढलाय, तिकडे येणाऱ्या नितेशबरोबर बाटली पाठवतेय. उपाशीपोटी घे. नाक मुरडू नकोस, लहानपणापासून सवय आहे तुझी.

तुझी ताई

जोहे, २२ जुलै

ती. ताईस सा. न.

रस कडूजहर आहे, पण रोज घेतो नि मग स्प्रेला बसतो. आधी अर्क, मग थिनर, उंदरांसारखंच. तोंडावरचा रुमालही सोडला, उगाच उकडतं. डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला, म्हणाले रसही थांबवा. वैदू म्हणतो, दुप्पट घ्या. अनिता रुमाल धुऊन पुन्हा पुढ्यात ठेवते. अंगाला खाज सुटलीय, ती रसाची की आजाराची? माझं डोकंच चालत नाय. देवाच्या पायाशी मूषक रंगवताना सारखं मनात येतं, प्रणिताला विचार गो, ते वाचलेले उंदीर पुढे किती जगले?

कमळाकर

रोहा, २४ जुलै

ती. मामांना प्रणिताचा नमस्कार.

आई रडतेय, म्हणून पेन मी घेतलं. आम्ही अर्क मोजून देतो. आईच्या बाटलीत काय नि किती उतरलंय, देव जाणे. माणसाला किती चालतो, हे मलाही ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात तसं रस थांबवा आणि लगेच पुन्हा दाखवून या. उंदरांचं विचारलंत, तर एकही जगला नाही. लिव्हर वाचलं की नाही हे बघायला शेवटी सगळ्यांनाच कापावं लागतं, वाचलेल्यांनाही.

मामा, स्प्रे खाली ठेवा. रविवारी मी येतेय, कुंचल्याने नि पाण्याच्या रंगाने जमतील तेवढ्या मूर्ती करू. उरलेल्या राहिल्या तर राहू देत.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मी म्हणते, लोभ करायला तुम्ही असावं.

तुमची प्रणिता