पाहुण्यांनी गड्डा कसा बघावा

बाळीवेस, सोलापूर
१० डिसेंबर १९७३

चि. ईश्वरप्पास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी आणि शिवलीला, दोघी ठीक आहोत. थंडी पडली आहे, नळाला दिवसाआड पाणी येतं, शेंगांची चटणी कुटून झाली आहे. माझा पाय बरा आहे. दर पत्रात विचारायचं कारण नाही.

तू लिहितोस, तुझ्या टेलिफोनच्या ऑफिसातले कोणी चन्नवीर आणि त्यांच्या मातोश्री संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेला पहिल्यांदाच येणार, आपल्याकडे उतरणार, तुला मात्र रजा नाही. तेव्हा ‘पहिल्यांदा येणाऱ्यानं काय काळजी घ्यावी ते अक्का, तू सविस्तर लिही.’ आजवर तू मला कशातही सल्ला विचारलेला नाहीस. स्वतःच्या लग्नात बँड कुठला लावावा हेसुद्धा सासऱ्यांना विचारलंस. आता एकदम सविस्तर! असो. लिहिते. त्यांना वाचून दाखव, आणि काही गाळू नकोस.

गाडी कुर्डुवाडीला थांबली की लोक चहाला उतरतात आणि गाडी त्यांना तिथंच ठेवून निघते. उतरू नये. सोलापूर स्टेशनावर टांगेवाला म्हणेल, ‘गड्ड्यावर सोडतो.’ होम मैदानावरच्या जत्रेला आम्ही गड्डा म्हणतो हे पाहुण्यांना ठाऊक नसेल. सामानासकट तिथं उतरणारा माणूस रिकाम्या हातानं घरी येतो. बाळीवेस म्हणावं, आणि वर ‘शाळेच्या बाईंचं घर’ म्हणावं. निम्म्या टांगेवाल्यांच्या बायका माझ्या हाताखालून गेल्या आहेत, ते मुकाट्यानं आणून सोडतील.

सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी पांढरे कपडे घालावेत, पण गड्ड्यात फिरताना जुनेच. तिथली धूळ धोब्याला हार जात नाही. पिण्याचं पाणी घरून न्यावं. भजी तळणाऱ्याच्या कढईत आधी डोकावावं आणि मग भूक राहिली तर खावीत. गोडीशेव चालेल.

आकाशपाळण्यात जेवून बसू नये. बाकीचे जेवूनच बसतात, म्हणून खालच्या पाळण्यातल्यानं छत्री जवळ ठेवावी. मौत का कुवा बघायला हरकत नाही, पण कठड्यावर रेलू नये. मोटारसायकल वर चढली की सगळी विहीर डुगडुगते, आणि ती नुसत्या फळ्यांची आहे. नागकन्येच्या तंबूत पैसे घालवू नयेत. धड सापाचं आणि तोंड बाईचं, असं बाहेर ओरडतात. गेल्या वर्षीची नागकन्या मला बघून लाजली. चौथीत माझ्याच वर्गात होती, पाढे कधी आले नाहीत. चंद्रावर बसून फोटो काढायचा असेल तर आधी चंद्राला हात लावून रंग ओला नाही ना बघावं.

माणूस हरवलं तर शोधत फिरू नये. कर्ण्यावरून नाव पुकारतात, तिथं जाऊन उभं राहावं.

आता मी एक विचारते. या चन्नवीरांचं वय काय? तुझ्या पत्रात मातोश्री आहेत, मंडळी नाहीत. उत्तर कार्डावर चालेल.

अक्का

---

बाळीवेस, सोलापूर
२ जानेवारी १९७४

चि. ईश्वरप्पास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. त्यावर पुण्याची थंडी आहे, सुनेचा खोकला आहे, आणि ‘चन्नवीर हा अत्यंत सज्जन आहे’ असं एक वाक्य आहे. मी वय विचारलं होतं. सज्जनपणा कोणी विचारला होता?

ईश्वर, मी अडतीस वर्षं मुलींच्या शाळेत काढली आहेत. कोण कुणाकडे बघून कॉपी करतंय हे मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. गड्ड्यात मुलगी दाखवायची रीत तू विसरला असशील, पुरुषांना ती विसरता येते. काकू किंवा मावशी मुलीला ‘चल, बांगड्या भरू’ म्हणून नेते आणि ठरलेल्या दुकानापाशी उभी करते. मुलाकडची माणसं गर्दीतून हिंडत येतात, बघतात आणि पुढं जातात. पसंत पडली तर घरी निरोप येतो. नाही पडली तर कोणी कोणाला नकार दिलेला नसतो, सगळ्यांची अब्रू शाबूत. मुलीला अब्रू असते हे त्यात कोणी धरलेलंच नाही. मला ही रीत इतकी नेमकी कशी माहीत, ते विचारू नकोस.

शिवलीला सत्तावीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, स्वतःच्या पगारावर जगते. मल्लप्पा गेला तेव्हा चार वर्षांची होती. आपल्या भावाची पोर म्हणजे बाजारातलं मडकं नव्हे, येणाऱ्यानं टिचकी मारून बघायला. दोन चांगली स्थळं तिनं स्वतः परत पाठवली. का ते सांगत नाही. मी विचारत नाही. विचारलं तर सांगेल, म्हणून विचारत नाही.

आणि आता तिचंच काहीतरी बिनसलं आहे. परवा तिनं न मागता माझी खोली झाडली, माझ्या खुर्चीचा पाय ठोकून घेतला. ‘आत्या, पाहुण्यांशी जरा गोड बोल हं,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘मी कुणाशी कडू बोलते?’ तर नुसती हसली. तिला यातलं काही ठाऊक नाही, अशी माझी खात्री होती. आता नाही.

तेव्हा पाहुण्यांसाठी आणखी सूचना. मुलगी बघायला येत असतील तर उजेडी, घरात, पाटावर बसून बघावी, आणि तिलाही त्यांना बघू द्यावं. चोरून बघायला येत असतील तर पुण्याहून निघूच नये.

न्हाणीघराबद्दल तुला शिवलीलानं काही लिहिलं असेल तर ते वाढवून लिहिलं आहे.

अक्का

---

बाळीवेस, सोलापूर
१७ जानेवारी १९७४

चि. ईश्वर,

पाहुणे आले आणि गेले. तू सगळं जाणत होतास. तरी तुला हे माझ्या तोंडून ऐकावंच लागेल.

कुर्डुवाडीला उतरले नाहीत आणि टांगेवाल्याला बाळीवेस म्हणाले, म्हणजे पत्र वाचून दाखवलंस तर. चन्नवीर उंच, बारीक, जाड भिंगांचे. वाकून नमस्कार केला आणि माझ्या पायाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मातोश्री सावित्रम्मा बुटक्या, आवाज मात्र घंटेसारखा. चहा घेतला आणि पदर खोचून घरभर हिंडायला लागल्या. न्हाणीत जाऊन फरशी पायानं घासून बघितली! मी दारात उभी.

‘बाई, तुम्ही पहाटे उठता का?’

‘उठते.’

‘रेडिओ लावता?’

‘बातम्यांना.’

‘मोठ्यानं?’

‘ऐकू येईल इतका.’

‘आणि तिखट?’

‘सोलापूरचं.’

‘हं,’ म्हणाल्या. पोलीससुद्धा इतकं विचारत नाहीत. मी मनात नोंद घेतली: मुलगी कुठल्या वळणात वाढली, त्याची ही झडती.

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता रंभाबाई मला म्हणाली, ‘बाई, त्या म्हाताऱ्या मला इच्यारीत हुत्या, तुमच्या बाई रागावत्यात का म्हनून.’

‘तू काय सांगितलंस?’

‘लई रागावत्यात म्हनलं. पर उपाशी कुनाला जाऊ देत न्हाईत. खरं हाय की!’

अक्षता पडल्या त्या दिवशी सगळं गाव पांढरं होतं. नंदीध्वजांच्या उंच काठ्यांवर तांदूळ टाकताना सावित्रम्मांनी माझा दंड धरला होता. गर्दीत पडू नये म्हणून आधार घेतला असेल असं मला वाटलं. आधार त्या घेत नव्हत्या, देत होत्या. हे आता लिहिताना कळतं.

संध्याकाळी गड्ड्यात मी शिवलीलाला एकटं सोडलं नाही. आकाशपाळण्यात तिला सावित्रम्मांबरोबर बसवलं आणि चन्नवीरांना माझ्या पाळण्यात घेतलं. पाळणा अगदी वर जाऊन थांबला तेव्हा विचारलं, ‘काय हेतूनं आलात?’ त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, हातात माझी काठी धरली होती. म्हणाले, ‘खाली गेल्यावर सांगितलं तर चालेल का?’ मी म्हटलं, नाही. तेवढ्यात पाळणा सुटला आणि ते काहीच बोलण्याच्या स्थितीत राहिले नाहीत. माणूस जेवून बसलेला नव्हता, हे त्याच्या बाजूनं लिहिते.

खाली उतरलो तर सावित्रम्मा शिवलीलाचा हात धरून बांगड्यांच्या दुकानापाशी उभ्या. मणेर बांगड्या काढत होता. चन्नवीर डोळे पुसत तिकडे निघाले. ईश्वर, मी काठी सावरून तिकडे निघाले.

तुला सांगितलं नव्हतं, आज लिहिते. मी एकोणीस वर्षांची होते. कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन आले होते, इंग्रजी फाडफाड बोलत होते, आणि काकूनं मला याच मैदानावर अशाच एका दुकानापाशी उभं केलं. मी हौसेनं हिरव्या बांगड्या भरून घेत होते. माणसं आली, बघून पुढं गेली. मला काही ठाऊकच नाही. कळलं पुढच्या वर्षी, काकू चिडून बोलून गेली तेव्हा. म्हणजे वर्षभर घरातल्या सगळ्यांना माहीत होतं की ही नापसंत झालेली आहे, आणि मी आपली बांगड्या वाजवत हिंडत होते. त्यानंतर स्थळं आली नाहीत असं नाही. मी कुणापुढं उभी राहिले नाही.

तर मी पुढं झाले आणि भर गड्ड्यात ओरडले. ‘मुलगी बघायची तर घरी पाट मांडून बघा! चोरून बघता, लाज नाही वाटत?’ लोक थांबले. मौत का कुवा सोडून इकडे बघायला लागले. मणेर म्हणाला, ‘अम्मा, चुड्यां लेते की झगडा करते?’ मी त्यालाही दोन शब्द सुनावले.

शिवलीला शांत होती. ‘आत्या, हळू. ते मला बघायला नाही आले.’

‘मग काय या मणेराला?’

‘तुला.’

मी काठी टेकून उभी राहिले. तिनं तिथंच सगळं सांगितलं. दिवाळीत ती तुझ्याकडे आली होती तेव्हा चन्नवीरांची ओळख झाली, दोघांनी एकमेकांना बघितलं, विचारलं, पसंत केलं. उजेडी. तिनं एकच अट घातली, आत्या माझ्याबरोबर पुण्याला राहील. चन्नवीर लगेच कबूल झाले. सावित्रम्मा नाही झाल्या.

‘कशी होईन?’ सावित्रम्मा म्हणाल्या. ‘सून मुलानं बघितली. पण जिच्याबरोबर एका चुलीपाशी म्हातारपण काढायचं, ती बाई मी बघायला नको? बातम्या मोठ्यानं लावते का, धुसफुसते का, तोंडावर बोलते का. म्हणून आले.’

‘मग सरळ का नाही सांगितलं?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही दार उघडलं असतं?’

नसतं उघडलं, मी कबूल केलं. गेल्या कित्येक वर्षांत असं झालेलं नाही.

‘मला पसंत आहे,’ त्या म्हणाल्या. सगळ्यांदेखत, घंटेच्या आवाजात. ‘रेडिओ तेवढा हळू.’

मणेरानं टाळी वाजवली.

घरी आल्यावर मी शिवलीलाला गाठलं. मला दया नको आहे, हे तिला स्पष्ट सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, ‘दया असती तर लग्न न करता इथंच राहिले असते. ते सोपं होतं. दोनदा केलंच की.’ मग म्हणाली, ‘तू नाही आलीस तर मीही जाणार नाही. हे धमकी म्हणून नाही सांगत. मला तिथं चित्त लागायचं नाही.’

पाहुणे काल गेले. घाई नाही, उत्तर कळवा, म्हणाले. चटणीचा डबा नेला.

आता जे मी तीन पत्रं टाळते आहे ते लिहिते. श्रावणात मी न्हाणीत पडले तेव्हा पाय नुसता मुरगळला असं तुला कळवलं. मला उठता आलं नाही. शिवलीला शाळेतून येईपर्यंत तशीच ओल्या फरशीवर पडून होते. हाका मारल्या नाहीत, शेजारच्यांनी उचलायला यावं अशा अवस्थेत नव्हते. छताच्या पत्र्याकडे बघत मी एकच विचार केला, की या पोरीचं लग्न न होवो. लख्ख शुद्धीत केला. ती स्थळं परत पाठवत होती तेव्हा मी कारण विचारलं नाही, कारण उत्तर मला सोयीचं होतं. तिला हे कळलं आहे असं मला वाटतं. तरी तिनं मला सोडलं नाही, बरोबर न्यायची खटपट केली, आणि त्यासाठी दोन अनोळखी माणसांना माझ्या तोंडी दिलं.

घर विकायचं नाही. रंभाबाई खालच्या खोलीत राहील, दिवा लावील. दर संक्रांतीला मी इथं येणार, सावित्रम्मांनाही आणणार. त्यांनी नागकन्या बघितली नाही म्हणून त्या हळहळत होत्या. तुझ्या घरापासून त्यांचं घर किती लांब ते मला माहीत नाही, पण रविवारी जेवायला येशील तर वेळेवर ये. माझ्यामागं यांच्याशी गुपचूप काही ठरवायचं, हे मात्र आता बंद.

सावित्रम्मांना आजच कळव, मुलीकडचा होकार आहे. कोणत्या मुलीचा म्हणून विचारतील. दोघींचा, म्हण.

तुझी
अक्का