माडीवरचा वैद्य

प्रिय मितेश,

हे पाकीट तुझ्या ताईच्या हातून आलं म्हणून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तसाच आहे, गोदामाला नवा भाडेकरू मिळालाय. तुला फोनच केला असता, पण फोनवर तू "हो दाजी, बरं दाजी" म्हणतोस आणि विषय बदलतोस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. आपल्या कोनगावात पुरुष पुरुषाजवळ जमिनीचं बोलेल, गाडीचं बोलेल, या गोष्टीचं बोलणार नाही. म्हणून लिहितोय. एकटा असशील तेव्हा वाच.

आम्हाला मूल नाही हे तुला माहीत आहे. ताईला आम्ही आधी कल्याणच्या, मग ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोघींनी एकच सांगितलं, हिच्यात काही दोष नाही, नवऱ्याला तपासायला आणा. घरी आल्यावर ते वाक्य कुणाच्या कानावर पडलंच नाही असे सगळे वागले. माझी आई तिला घेऊन देवऋषीकडे जात राहिली. मला मात्र खाली डाव्या बाजूला कायम ओढ लागल्यासारखं दुखायचं, फार वेळ उभं राहिलं की जास्तच. पुढे पुढे काळजीनं असं झालं की ताईजवळ जायचीसुद्धा धास्ती वाटायला लागली. झोप आल्याचं सोंग करायचो. मी काय म्हणतोय ते तुला समजेल.

आमच्या टेम्पोवरच्या एका ड्रायव्हरनं त्या वैद्याचं नाव काढलं. कामतघरला एका बंद यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर तो बसायचा. खालच्या लूम भंगारात गेलेल्या, फरशीत बोल्टची भोकं तेवढी उरलेली. पण शेजारचा कारखाना चालू असल्यामुळे ती रिकामी इमारतही पायाखाली थरथरत असायची. वर बाकांवर पुरुष बसलेले, भरदुपारी, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एकेक जण पडद्याआड जायचा आणि परत यायचा नाही. मागे दुसरा जिना होता, माझी पाळी झाल्यावर मीही त्याच जिन्यानं उतरलो. आत उजेड नव्हता. आपल्या पुढे कुणीतरी उतरतंय असं प्रत्येक पायरीवर वाटत होतं. खाली गल्लीत आलो तर कुणी नव्हतं.

वैद्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही. आतही एक पडदा होता, त्याखालून नुसते हात दिसायचे, गोरे, नखं नीट कापलेली. त्यानं मला तपासलं नाही. कुठं दुखतं तेही विचारलं नाही. घरात रिकामी खोली कुठली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मागची, तांदळाच्या गोणी ठेवतो ती. तेव्हा तो अगदी मायेनं म्हणाला, "जो आने के लिए रुका है, वो पहले उसी कमरे में आके रोएगा. रोना सुनाई दे तो डरना मत. समझना, दवा लग गयी." त्यानं दिलेल्या पुडीत काळपट, हाताला जड लागणारी भुकटी होती. मधातून घ्यायची.

काही आठवड्यांनी एका शुक्रवारी, आजूबाजूच्या लूम सुट्टीमुळे बंद होत्या, तेव्हा मला मागच्या खोलीतून रडणं ऐकू आलं. तान्ह्या बाळाचं, घसा सुकल्यासारखं. मितेश, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. ताई विळीवर बोंबील साफ करत होती. तिला विचारलं, ऐकतेस का. तिचा हात क्षणभर थांबला. मग मान न उचलता म्हणाली, "मना तं काय नाय ऐकू येत."

त्यानंतर ते रोज यायला लागलं. मी पुडी सकाळसंध्याकाळ घेऊ लागलो. पोटात मुरडा यायचा, हात कापायचे, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटली. मला वाटलं, अंगातला दोष बाहेर पडतोय. एकदा दुपारी भानावर आलो तर मी मागच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. ताईच्या लुगड्याचं गाठोडं मांडीवर होतं आणि मी ते थोपटत होतो. दारात ताई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती रडली नाही, ओरडली नाही. "उठा, शर्ट घाला. रिक्षा उभी हाय," एवढंच म्हणाली.

ठाण्याला तिनं मला पुरुषांच्याच आजारांच्या डॉक्टरकडे नेलं. साधा, पोक्त माणूस. दार लावून त्यानं मला उभं करून तपासलं, सगळं विचारलं, आणि एकदाही हसला नाही. रडण्याचं सांगितलं तेव्हा त्यानं माझ्या हिरड्या बघितल्या आणि त्याच दिवशी रक्त घेतलं. रक्तात शिसं निघालं, भलतंच. पुडीतही तेच होतं. "मूल व्हावं म्हणून जे घेत होतात, ते आधी तुमचं बीज मारतं, मग डोकं," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात ठेवून आधी ते शिसं काढलं. अंगात ताकद आल्यावर डाव्या बाजूच्या फुगलेल्या शिरांचं छोटं ऑपरेशन केलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. वीर्याची तपासणी आता पूर्वीपेक्षा बरी येते. मूल होईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, होणार नाही असंही नाही. दुसऱ्या त्रासाबद्दल, त्या धास्तीबद्दल, त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. तो त्रास आता जवळजवळ गेलाय. हे मेव्हण्याला लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो.

रडणं हळूहळू विरत गेलं. शेवटी शेवटी शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसं, आणि मग नाहीच. ते थांबल्याचं मी कुणाला बोललो नव्हतो. एका शुक्रवारी आम्ही गच्चीवर सुकट वाळत घालत होतो, तेव्हा ताईच म्हणाली, "आता कसं शांत वाटतं घरात." मी तिच्याकडे बघितलं. तिनं पुडीला कधी हातही लावला नव्हता. मी विचारलं, तुलाही येत होतं? तिनं सुकटीवरच्या माश्या हाकल्या. मग म्हणाली, "मीबी ऐकलं असं बोलले असते, तं तुमी डॉक्टरकडं आला असता का?" डॉक्टरला मी हे सांगितलेलं नाही. काय सांगणार? मागच्या खोलीत आता आम्ही दोघं झोपतो. गोणी बाहेर काढल्या.

हे सगळं आज का लिहिलं ते सांगतो. परवा टेम्पो घेऊन कामतघरहून येताना एक जण त्या जिन्यावर चढताना दिसला. तोंडाला रुमाल होता, पण गोविंदा पथकात पाय मोडल्यापासून तू कसा चालतोस ते मला लांबूनही ओळखू येतं. मी गाडी बाजूला घेतली, मागच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. तू आलास, माझ्या अगदी जवळून गेलास आणि मला पाहिलं नाहीस. चालता चालता तू हळू आवाजात कुणाला तरी "आलो, आलो" म्हणत होतास. तुझ्या हातात फोन नव्हता. मितेश, आजची पुडी घेऊ नकोस. टाकूही नकोस, डॉक्टरला दाखवायला हवी. पूर्वा तुझी बायको आहे, तिला काय सांगायचं ते नंतर आपण दोघं मिळून ठरवू. उद्या सकाळी मी गाडी घेऊन तुझ्या दाराशी येतोय, दवाखान्यात तुझं नाव घातलंय, मी बाहेर बाकावर बसेन, तोंडाला रुमाल न लावता. तोवर घरात काही ऐकू आलं तर ओ देऊ नकोस. बाहेर येऊन ओट्यावर बस आणि मला फोन लाव. मी उचलेन.

तुझाच,
बाळाराम दाजी