दुसऱ्याचा हात लागलेली सायकल

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोणीतरी फोर्क उघडलाय.

दुवानने सायकल आणून गच्चीत टेकवली आणि तो खाली आईकडे काही खायला आहे का बघायला गेला. मी नेहमीसारखी पुसायला घेतली, तर पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या फोर्कच्या रबरी कडांना हिरवं ग्रीस. माझ्याकडे हिरवं ग्रीस नाही. कधीच नव्हतं. मी पांढरं लावतो आणि जास्तीचं बोटाने काढून घेतो. इथे कापसाच्या काडीने पुसल्यासारखी सरळ रेघ. काम वाईट नव्हतं — तेच जास्त खुपलं.

दुवान तोंडात अरेपा, मक्याची जाड भाकरी, धरून वर आला. विचारलं, हे कोणी केलं?

"यामिलेनं. पेरेराहून आलीय ना ती, खाली तिच्या मामाच्या गॅरेजमध्ये सायकली करते. सहज दाखवली, तर म्हणाली आत तेल कमी आहे. उघडला, भरला, लावला."

"मला सांगायचंस."

"सांगतोय की आता. तुझ्या आईच्या हातचा अरेपा मात्र कोणाला जमायचा नाही."

विषय संपला. त्याच्यासाठी.

दुवान शर्यतींत सायकलवरून डोंगर उतरायला लागला तेव्हापासून त्याची प्रत्येक सायकल याच गच्चीत उघडली आणि याच गच्चीत बंद झाली. तो चालवतो, मी नीट ठेवतो. शर्यतीच्या दिवशी जुनी विलीस जीप सायकली घेऊन डोंगरावर जाते. चालवणारा पुढे ड्रायव्हरशेजारी बसतो. मागे, सायकलीवर हात ठेवून, ज्याने ती तयार केली तो. वर पोचल्यावर तोच सायकल धरून उभा राहतो आणि मग चालवणारा तिच्यावर बसतो. कोणी ठरवलेलं नाही, पण आमच्या मनिसालेसमध्ये असंच आहे. दुवानची सायकल आजवर माझ्याशिवाय कोणी धरलेली नाही.

पायऱ्यांची शर्यत, डोंगरावरून गावातल्या पायऱ्या उतरत थेट खाली, २ मार्चला.

६ फेब्रुवारी

फोर्क बघायला सायकल मी स्वतः गल्लीच्या पायऱ्यांवरून उतरवली. कुठेतरी खट्ट वाजेल असं वाटलं होतं. वाजलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

ज्वालामुखीच्या डोंगराने सकाळपासून राख टाकलीय. बेकरीतून येईपर्यंत खांदे करडे झाले. राख चेनमध्ये गेली की चेन कानशीसारखी चाकांचे दात खाते, म्हणून तसाच दुवानकडे गेलो. म्हटलं सायकल घेऊन येतो, धुऊन ठेवतो.

त्याची बहीण दारात झाडत होती. "ती तर खाली नेली. यामिलेनं सकाळीच निरोप पाठवला, राख पडलीय, चेन धुवायला घेऊन ये म्हणून."

सकाळीच! मी तेव्हा पाव भाजत होतो.

आई म्हणाली, "बायको पळून गेल्यासारखा काय बसलायस? सायकल आहे ती. आणि तीसुद्धा दुसऱ्याची."

१३ फेब्रुवारी

चेनची कडी विकत घ्यायचं निमित्त काढून गॅरेजमध्ये जाऊन आलो. माझ्याकडे कड्या भरपूर आहेत.

पत्र्याचं दार, आत तिच्या मामाची बंद पडलेली गाडी, तिच्याभोवती सायकली. भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले, प्रत्येकामागे खडूने त्याचाच आकार काढलेला. मी हे गच्चीत कधीच करायला हवं होतं. आता केलं तर तिचं बघून केलं असं होईल.

ती खाली बसून स्पोक ताणत होती. हात पुसून उभी राहिली.

"तुम्ही एदिल्सन ना? दुवानच्या चाकांची तार तुम्हीच ओढलीय? फार चांगली ओढलीय. मी हात नाही लावला त्याला."

कडी घेतली, आलो. माझ्या कामाला चांगलं म्हणायचा तिला काय अधिकार? आणि मी दिवसभर तेच आठवत का बसलोय?

संध्याकाळी निळीला फडकं मारलं. निळी म्हणजे माझी सायकल. कॉफी वाळवायच्या एका पडक्या छपराखाली गंजून पडलेली पोलादी फ्रेम — व्हिनेगरमध्ये बुडवून गंज काढला, घासली, रंगवली, एकेक भाग जमवून उभी केली. सगळ्यात शेवटी ब्रेक आले, ऑइलवर चालणारे, डब्यातले कोरे. ती मी कोणाला देत नाही. मीसुद्धा फारशी चालवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुवानच्या सायकलवर नवे ब्रेक! नवे म्हणजे जुने, यामिलेकडे पडून असलेले. तिनेच बसवले.

या वेळी मी गप्प बसलो नाही. म्हटलं फोर्क तिचा, चेन तिची, आता ब्रेकही तिचे? मग मी कशाला आहे?

"तू उगाच मनाला लावून घेतोस लेका," दुवान म्हणाला. "दोघं करा की. सायकल एवढी मोठी आहे."

"ब्रेक मी करणार."

"कर. अजून आतली हवा काढायची राहिलीय, तूच काढ. फक्त ते ऑइलचं काहीतरी सांगत होती ती. तिला एकदा विचार."

तिला विचारू? इतकी वर्षं मी दुवानचे ब्रेक करत होतो तेव्हा ती कुठे होती?

२० फेब्रुवारी

ब्रेक केले. दुपारभर खपलो. आतून पिवळट पाणी निघालं. बाटलीत धरून उजेडात बघितलं — नेहमीचं ऑइल कसं गुलाबी असतं, आणि हे? किती जुनं, किती वापरलेलं असेल. बघा, म्हटलं, भिंतीवर पाने ओळीत लावतात आणि आत हे घालतात. सगळं काढलं. माझं गुलाबी भरलं. थेंब थेंब हवा काढली. ब्रेकचा लिव्हर दगडासारखा घट्ट झाला.

दुवान गल्लीतून एक फेरी मारून आला. "वा. आता बोटाने थांबते."

आज झोप येईल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिव्हर परत येत नाहीये. दाबला की आतच राहतो, मग हळूहळू बाहेर येतो. मागचं चाक घासतंय.

मी दुवानला सांगितलं, भंगार आहेत हे ब्रेक. माझ्या कामात खोट नाही, मालातच आहे. तुला कोणी गळ्यात मारले ते तूच बघ.

तो तसाच सायकल घेऊन खाली गेला. मी थोड्या अंतराने गेलो, कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे उभा राहिलो. सगळं ऐकू येत होतं.

"पायऱ्यांवर चाक धरलं असतं म्हणजे? तोंडावर पडलो असतो मी! तुझ्या मामाच्या गाडीवर लाव हे ब्रेक, ती तशीही चालत नाही."

तिचा आवाज चढला नाही. "सायकल ठेवून जा. बघते."

दुवान पाय आपटत गेला. फळवाला म्हणाला, "पोरीचं काही खरं नाही." मी लुलो घेतले, एरवी आंबटढाण असतात ते. येताना खात आलो. फार गोड लागले, खोटं कशाला लिहू.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नीट लिहितो.

सकाळी बेकरीच्या दारात पावाच्या गाडीचा ड्रायव्हर ब्रेक ऑइल भरत होता. नवी बाटली. माझ्यासमोर त्याने झाकणाचं सील फोडलं. आणि ओतलं ते पिवळट. स्वच्छ, कोरं, पिवळट.

मी ट्रे हातात धरून तिथेच उभा.

सायकलींचे काही ब्रेक मोटारीच्या ब्रेक ऑइलवर चालतात. मला हे माहीत आहे. ऐकलेलं आहे. माझ्या हाताखाली तसे आजवर आले नाहीत, एवढंच. त्यात गुलाबी घातलं की आतलं रबर फुगतं. कोणतं घालायचं ते लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मी डब्या-बाटल्यांवरचं अक्षर न् अक्षर वाचणारा माणूस, आणि ते झाकण मी माझ्या हाताने उघडलं, पुसलं, परत लावलं. वाचलं नाही. तिने बसवलेल्या वस्तूकडे मला बघायचंच नव्हतं.

सुटी मागून गॅरेजमध्ये गेलो. तिने दोन्ही लिव्हर सोडवून ठेवले होते. वर्तमानपत्रावर आतली रबरं — फुगून भिजवलेल्या वाटाण्यांसारखी.

"या," ती म्हणाली. "बसा तिथे, त्या टायरवर."

"तुम्हाला कळलं?"

"वासावरून. उघडल्याबरोबर."

"दुवानला सांगितलंत?"

"नाही."

"का? तो एवढं बोलून गेला तुम्हाला."

तिने रबर चिमट्यात धरून बघितलं, परत ठेवलं. "तुम्ही याल असं वाटलं. आणि रविवारी त्याला उतरायचंय. आपण तिघं भांडत बसलो तर चाक थांबणार आहे का? ही रबरं गेली. नवी बोगोताहून येईपर्यंत शर्यत होऊन जाईल. माझ्याकडे दुसरे ब्रेक नाहीत. तुमच्याकडे?"

माझ्याकडे आहेत. निळीवर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निळीचे ब्रेक काढले.

यामिले गच्चीत आली होती. आई लगेच गुळाचं गरम आगुआपानेला घेऊन वर, नको तेवढ्या वेळा. "ही का ती? बरी आहे की." सगळं तिच्यासमोरच.

मी एकेक स्क्रू काढत होतो, यामिले निळीकडे बघत होती. हात लावण्याआधी विचारलं. मग फ्रेमच्या खालून, पॅडलच्या नळीमागून अंगठा फिरवला. तिथे कोणाची नजर जात नाही.

"इथेसुद्धा घासून रंगवलंय?"

"इथेसुद्धा."

"व्हिनेगरमध्ये ठेवलीत कशात? एवढं मोठं भांडं कुठून आणलंत?"

छपराची जुनी पन्हळ, दोन्ही तोंडं बुजवून — मी सांगायला लागलो आणि थांबेचना. दुवानने इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. ती हसली नाही. खिळा कुठून ठोकला, गळत कसं नव्हतं, सगळं विचारून घेतलं. पाइप दुवानच्या सायकलला लांब होत होते, तिने कापले, मी ऑइल भरलं. गुलाबीच. या वेळी झाकण दोघांनी वाचलं. ती म्हणाली, "मोठ्याने वाच." वाचलं.

निळी आता भिंतीला टेकून, ब्रेकशिवाय.

१ मार्च

दुवानला सगळं सांगितलं. त्याच्या घराच्या पायरीवर. यामिले म्हणाली होती शर्यतीनंतर सांग, मला थांबवेना.

त्याने बुटाची नाडी ओढून घट्ट बांधली.

"मी पडलो असतो ते सोड. पण तू मला तिच्या अंगावर सोडलंस. आणि कोपऱ्यावर उभा राहून ऐकलंस — फळवाला बोलला मला."

"हो."

"उद्या जीपमध्ये मागे ती बसेल."

मी म्हणालो, बरोबर आहे. घरी येईपर्यंत बरोबर होतं. मग नव्हतं.

२ मार्च, रविवार

जीप वर गेली. ती मागे, हात त्याच्या सायकलीवर. मी बघायचं नाही ठरवून बघितलं.

मी मधल्या वळणावर उभा राहिलो, चर्चच्या खाली, जिथे पायऱ्या अचानक डावीकडे तुटतात. तिथे ब्रेक नसला तर समोर भिंतच. गर्दी, ढोल, पोरं कठड्यावर चढलेली. दुवान आला. मला त्याचं तोंड दिसलं नाही, फक्त मागच्या चाकावरची ब्रेकची डिस्क दिसली. माझे ब्रेक किंचाळले, धरलं, सोडलं, गेला. मी कठड्यावरून वाकून त्याच्यामागे बघत राहिलो. शेजारची बाई म्हणाली, "तुमचा कोण?"

पाचवा आला. त्याच्यासाठी फार चांगलं.

खाली पोचलो तेव्हा तो यामिलेला उचलून गोल फिरवत होता. ती हसत होती, त्याचं हेल्मेट तिच्याच हातात. मग त्याने मला पाहिलं, आला, हात पुढे केला. "धरले रे तुझ्या ब्रेकनी." एवढंच. मिटलं असेल त्याच्यापुरतं.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती गोल फिरतच राहिली. सायकल सुखरूप, तो सुखरूप — मग आता काय? घरी येऊन जेवलो नाही.

७ मार्च, शुक्रवार

यामिलेने निरोप पाठवला. शर्यतीनंतर सगळ्यांच्या सायकली मोडून आल्यात, एकटीला उरकत नाही, तुझा सायकल टांगायचा स्टँड घेऊन ये. गेलो. दुपारपासून आम्ही दोन चाकं सरळ केली, एक फोर्क उघडला. तिने मला कापसाची काडी कशी फिरवायची दाखवलं. मी तिला तार कानाने कशी जुळवायची ते. फार बोलणं झालं नाही. अंधार पडल्यावर कळलं की खाल्लेलं नाही.

११ मार्च

रोज जातोय. बेकरीतून थेट. आई म्हणते गच्चीवर जळमटं धरली.

दुवानही रोज येतो. सायकलला काही झालेलं नसतं. पॅडल वाजतंय म्हणतो. वाजत नाही.

१५ मार्च, शनिवार

दुवान आज पुन्हा आला होता. तासभर मामाच्या गाडीच्या बॉनेटवर बसून राहिला. यामिले त्याच्या प्रत्येक गोष्टीला हसत होती. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "झालं गेलं विसरलो मी. यापुढे सायकल पहिल्यासारखी तुझ्याच गच्चीत. दुसऱ्या कोणाचा हात नको."

महिनाभर मला हेच ऐकायचं होतं. म्हणालो, आजच आण. म्हणजे त्याला गॅरेजमध्ये यायला कारण उरणार नाही. मी मात्र रोज जाईनच.