शेऱ्याचा रकाना

ताल्दीकोर्गान,
१४ जानेवारी १९९०

श्री. ओराझ, निरीक्षक, नदीमापनाचं वरचं ठाणं, यांस

सलाम. माणसं-जनावरं खुशाल असतील, पाठीला वारा आणि चुलीला सरपण असेल. इथे आम्ही सगळे ठीक.

डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांची नोंदवही मिळाली. पाणीपातळीचे आकडे बरोबर आहेत. बर्फाची जाडी मात्र तेवीस तारखेला एक्केचाळीस सेंटिमीटर आणि चोवीसला छत्तीस लिहिली आहे. उणे वीस अंशांत बर्फ पातळ होत नाही. भोक नव्या जागी पाडलं असेल तर तसं लिहावं. शेऱ्याचा रकाना त्यासाठीच असतो.

त्या रकान्यात तुम्ही जे लिहिता त्याबद्दल मी आजवर वरिष्ठांना कळवलेलं नाही. ऑक्टोबरात पहिल्यांदा तिथे हे सापडलं:

नदी मोजली, वारा मोजला, मोजलं आभाळ,
लाल शाईच्या बाई, तुम्हांला कधी होते सकाळ?

नियमाप्रमाणे मी ते पान परत पाठवायला हवं होतं. त्याऐवजी खाली लाल शाईत लिहिलं:

आठाची नोंद नऊला, अंथरूण अजून ऊन;
नदी गेली पुढे निघून, कवी उठले मागून.

का लिहिलं, ते मला नीट सांगता येत नाही. कारण न सांगता येणाऱ्या गोष्टी मी सहसा करत नाही.

टपालाच्या पुढच्या पिशवीत नोंदवहीसोबत कुर्ताचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, गोळे आले. 'दात असतील तर उत्तर द्या' अशी चिठ्ठी होती. आमचे नकाशे सांभाळणारे जाप्पारकाका त्यांतला एक चावायला गेले, आणि मग त्याच गोळ्याने त्यांनी भिंतीत खिळा ठोकला. खिळा बसला. दही असं वाळवणाऱ्या घराबद्दल मला आदर वाटतो, एवढं नोंदवते.

तुमचा उखाणा सुटला. 'एका पायावर उभी बाई, पाण्यात बारा मास, अंगभर आकडे गोंदलेले, थंडीचा ना त्रास.' उत्तर: नदीतली मोजपट्टी. माझ्याबद्दल असेल तर सांगते, मला थंडीचा त्रास होतो.

आता तुमच्या निमंत्रणाबद्दल. इतक्या वर्षांच्या बंदीनंतर या वर्षी नौरोजचा सण तुमच्या गावात उघडपणे होणार, आणि मी येऊन तुमच्यासमोर बसावं, दोंब्र्याच्या दोन तारा लावून कवितेत सवाल-जवाब करावेत, असं तुम्ही म्हणता. लोकांसमोर मी कधी कविता म्हटलेली नाही. कागदावर मला चार ओळींसाठी दहा दिवस मिळतात. तिथे एक श्वास मिळेल. हा फरक लहान नाही.

तरीही, समोरासमोर बसण्याआधी सात बापांची, म्हणजे बाप, आजा अशी वरच्या सात पिढ्यांची, नावं सांगायची रीत आहे. सातांत एक जरी जुळलं तर आपण भाऊबहीण, आणि मग शेऱ्यांतल्या काही ओळी मागे घ्याव्या लागतील. माझ्या बाजूच्या निदान चार. म्हणून माझी सात: सेयित, कोझाबेक, मिर्झाली, तोयगान, एसेन, झान्तेली, बाराक. तुमची कळवावीत. ही केवळ औपचारिकता आहे.

बालझान,
तपासनीस


ताल्दीकोर्गान,
२ फेब्रुवारी १९९०

ओराझदादा,

सलाम. घरी सगळे बरे असतील. राखिमबाबांना माझा नमस्कार सांगावा. नात्याने त्यांनाही आता काका म्हणायला हवं.

तुमची सात नावं मिळाली. पहिलं राखिम, सहावं झान्तेली, सातवं बाराक. मी तीनदा मोजलं. एकदा खालून वरही मोजलं.

यादीखालची कविता वाचली.

झान्तेलींचा थाट मोठा, मोठी त्यांची बात;
पाहुण्याला सात पिढ्या वाढतात, मांस राहतं आत.

आपल्याच कुळाला हसणारा माणूस मोठ्या मनाचा असतो. बहिणीला अशा भावाचा अभिमान वाटायला हवा.

नौरोजला मला जमणार नाही. बर्फ फुटण्याआधी नदीच्या खालच्या अंगाच्या मोजपट्ट्यांची उंची तपासायची आहे, आणि माणसं कमी आहेत. यापुढे शेऱ्याच्या रकान्यात फक्त वारा, बर्फ आणि पट्टीची स्थिती लिहावी.

कुर्त पाठवू नये. दात शिवशिवतात.

तुमची धाकटी बहीण,
बालझान


ताल्दीकोर्गान,
२६ फेब्रुवारी १९९०

ओराझ,

वर 'दादा' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

आधी कामाचं. तुमच्या गेल्या दोन नोंदवह्या निर्दोष आहेत. रोज आठच्या ठोक्याला नोंद. बर्फाची जाडी ओळीने वाढत गेलेली. शेऱ्याचा रकाना वीस दिवस कोरा. इतकं स्वच्छ काम मी या कार्यालयात पाहिलेलं नाही, आणि ते मला पाहवत नव्हतं. नोंदवही मिटून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, तेव्हा जाप्पारकाका म्हणाले, "काय गं, नदी आटली का?"

"नदी ठीक आहे."

"मग तुझं तोंड का आटलंय?"

ते माझ्या टेबलावरची जुनी पानं दप्तरात लावत होते. तुमची यादी आणि तिच्याखालच्या दोन ओळी त्यांच्या हाती लागल्या. वाचून ते इतके हसले की चहा नकाशावर सांडला.

"हा झान्तेलींचा भाचा कोण?"

"भाचा नाही. त्यांच्यातलाच आहे. वर नावं वाचा."

"नावं वाचली. मग ओळी वाचल्या. पोरी, घरचा माणूस परक्या पोरीला लिहिताना घरच्यांच्या ताटावर बोट ठेवतो का? त्याची जीभ झडेल. ही जीभ भाच्याची आहे. मामाच्या घरात शिरायचं, मामालाच टोचायचं, वर मामाचा घोडा मागून न्यायचा. भाच्याला तीनदा माफ असतं, त्याने एकदा वापरलंय."

"मग नावं आमची का लिहिली?"

"ते त्याला विचार. मी नकाशे सांभाळतो."

मी तुम्हांला विचारलं नाही. पिशवी आणणाऱ्या ट्रकवाल्या सेरालीला विचारलं. तो सहज म्हणाला, "राखिमबाबांचा ओराझ? थोरल्या मुलीचा मुलगा तो. पहिला नातू, म्हणून म्हाताऱ्याने पाळण्यातूनच मांडीवर घेतला. स्वतःच्या आईला अजून ताई म्हणतो."

मी तुमची यादी दप्तरातून पुन्हा काढली.

तुम्ही यादी लिहिलीत तेव्हा राखिमबाबा बहुधा शेजारी असतील. बहुधा त्यांनीच नावं सांगितली असतील, लहानपणी पाठ करून घेतली तशी. त्यांच्यादेखत दुसऱ्या बापाचं नाव लिहायचं म्हणजे त्यांचं नाव खोडायचं. ते तुमच्याच्याने झालं नाही. म्हणून खरं उत्तर तुम्ही कवितेत ठेवलंत आणि मी ते ओळखीन असं धरून चाललात. मी मोजपट्टीचा उखाणा सोडवला, हा सुटला नाही. मी आकडे तपासले. शेरा वाचला नाही.

मग मी तुम्हांला दादा म्हटलं, आणि तुम्ही गप्प राहिलात. दुसरी ओळ लिहून सहज सांगता आलं असतं. म्हाताऱ्याला दुखावून मला मिळवायचं नाही, असं त्या कोऱ्या रकान्यात लिहिलेलं मला आता दिसतं. माझा आदर कुर्ताच्या गोळ्यांपुरता होता, तो वाढला आहे.

चूक माझी, दुरुस्तीही माझीच असायला हवी. सोबत दुसरा लिफाफा आहे, राखिमबाबांसाठी. तो तुम्ही उघडू नये. काय लिहिलं ते इथेच सांगते. तुमचा खरा बाप कोण, असं मी विचारलेलं नाही. तुम्ही कोणाचे, हे मला विचारायचंच नाही. मी एवढंच लिहिलं आहे: 'काका, आपल्या थोरल्या जावईबापूंचे सात बाप सांगाल का?'

ते रागावले तर तो राग माझ्याकडे पाठवावा. स्वतःकडे ठेवू नये.

उत्तरात काय येईल ते मला ठाऊक नाही. जावईबापूही आमच्यात कुठे येऊन मिळत असतील, तर हे शेवटचं पत्र. तसं झालं तरी ऑक्टोबरपासूनचे शेरे मी परत घेत नाही. चारही.

बालझान


ताल्दीकोर्गान,
१३ मार्च १९९०

ओराझ,

सलाम. खालच्या पुलाशी बर्फ तडकला आहे. रात्री आवाज येतो. तुमच्याकडे अजून आठवडा लागेल.

राखिमबाबांचं पत्र मिळालं. अक्षर कुणा शाळकरी मुलीचं असावं, बोल त्यांचेच. तुम्हांला त्यांनी दाखवलं नसेल, म्हणून उतरवते:

'सेयितच्या पोरी, वाकडं विचारलंस आणि सरळ कळलं, शहाणी आहेस. तुझ्या आजाने, कोझाबेकने, माझ्या लग्नात माझाच घोडा शर्यतीत दमवला होता, ते मी विसरलेलो नाही. जावई कादिर. त्याचा बाप इस्काक, मग ओतेगेन, बाय्मुरात, सारी, कोश्कार, तोक्सान. मुलगा माझा आहे. सात त्याच्या बापाचे आहेत. दोन्ही खरं. तू मोजणारी, तुझ्या वहीत दोन्हींना जागा कर. तो महिनाभर आठाच्या आधी उठतोय, ते मला बघवत नाही. नौरोजला ये. त्याला हरव, नाहीतर तो माझं डोकं खाईल.'

मी जागा केली आहे.

पट्ट्यांची उंची तपासून झाली. माणसं कमी होती हे खरं होतं, पण जमणार नाही हे खोटं होतं. एकवीस तारखेला सेरालीच्या ट्रकने निघेन. जाप्पारकाकाही येतो म्हणतात. त्यांना त्या कुर्ताची पाककृती हवी आहे, असं ते सांगतात.

लोकांसमोर बोलताना माझा आवाज कापेल. हे आधी कळवते, म्हणजे तुम्ही त्यावर ओळी रचून ठेवणार नाही. रचल्याच तर दहा दिवसांच्या असाव्यात, एका श्वासातल्या नकोत. त्यांना उत्तर देणं मला जड जाईल.

सोबत तुमची कोरी नोंदवही परत पाठवते आहे. फेब्रुवारीच्या रिकाम्या शेऱ्यांखाली मी लाल शाईत काहीच लिहिलेलं नाही. ते तोंडीच सांगायचं आहे.

सात तुमची, सात माझी. चौदा नावं दोनदा वरून आणि एकदा खालून तपासली. एकही जुळत नाही. इतकी चांगली न जुळणारी यादी माझ्या हातून आजवर गेली नव्हती.

तुमची बहीण नसलेली,
बालझान