शिनवाऱ्याची बाव

उंबरपाडा, ३ एप्रिल १९८३

तीर्थरूप अण्णांस,

शालूचा नमस्कार. मी बरी आहे, तुम्हा सगळ्यांची खुशाली असावी. आईने पाठवलेलं लोणचं पोचलं. बरणी वाणगावच्या स्टँडवर कलंडली आणि थोडं तेल माझ्या पिशवीत गेलं, बाकी सुखरूप आहे. बळवंतदादाला सरावलीला खोली मिळाली हे वाचून आनंद झाला. कंपनीच्या वासाची सवय होते म्हणतात.

बालवाडीत आता मुलं बसतात. सुरुवातीला मी दिसले की पळायची. पाड्यावरची बुधी मदतनीस आहे, ती खाऊ शिजवते आणि मुलांना दरडावते. तिला पाहून मुलं बसतात, मला पाहून नाही. सुट्टीच्या दिवशी ती मला डोंगरात घेऊन गेली. अण्णा, तुम्ही बंडखोर शिनवाऱ्याच्या गोष्टींत सांगायचात ते सगळं इथे खरोखर आहे. कड्याला शिनवाऱ्याची उडी म्हणतात. खाली तीन काळे दगड आहेत ती शिनवाऱ्याची चूल. सावकारांची कोठारं फोडून आणलेलं भात तो तिथे रांधून वाटायचा. मी चुलीला हात लावून आले. तुमची खूप आठवण झाली. शाळेत जायच्या आधी तुम्ही मला विहिरीच्या काठच्या ओल्या मातीत काडीने अक्षरं शिकवलीत आणि दर अक्षरामागे शिनवाऱ्याची एक गोष्ट सांगितलीत.

तुमच्या दोन्ही पत्रांत एकच प्रश्न आहे आणि मी तो टाळते आहे. पाडव्याला आपल्या विहिरीवर संगमरवरी दगड बसणार, तेव्हा मी इथली किती माणसं आणू, असं तुम्ही विचारलंत. दगडावरचा मजकूरही कळवलात. "येथे शिनवाऱ्या पाणी प्यायला. या घराने त्यास आसरा दिला." तो वाचून मला अभिमान वाटला होता. मी बुधीला आमंत्रणही देऊन टाकलं होतं, तारापूरकडे एका गावी समारंभ आहे एवढंच सांगून. गावाचं नाव, आपलं घर, हे मी नंतर हौसेने सांगणार होते.

होळीला बुधीने मला घरी जेवायला बोलावलं. तोवर मी बालवाडीच्या हापशाचंच पाणी प्यायचे, तिच्या घरात पहिल्यांदाच बसले होते. तिने तांब्या दिला. मी पाणी ओंजळीत घेतलं आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे पहिली ओंजळ जमिनीवर सोडली. तुम्ही शिकवलंत तसं, पहिली ओंजळ शिनवाऱ्याची. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. आपल्या वाडीत चिकू तोडायला येणारे डोंगरातले लोक विहिरीवर असंच करतात, त्यांच्याकडूनच तर आपण घेतलं.

बुधीचा नवरा जिवल्या उठून बाहेर गेला. सारवलेल्या जमिनीत ते पाणी मुरेपर्यंत मी बघत राहिले. मग बुधी म्हणाली, "बाई, आमच्या हातात काय दगा दिसला तुमाला?"

मी गोंधळले. मी म्हटलं, हा तर मान आहे. तेव्हा तिने सांगितलं. मान नाही. समुद्राकडच्या एका वाडीत शिनवाऱ्या तहानेने व्याकूळ होऊन आला. मालकाने स्वतःच्या हाताने त्याला पाणी दिलं, त्यात धोतऱ्याचं बी वाटलेलं होतं. त्याचे डोळे फिरले, तो विहिरीला टेकून बसला, आणि आतल्या खोलीत थांबलेले शिपाई बाहेर आले. तेव्हापासून ज्या हाताचा भरवसा नाही त्याच्या पाण्याची पहिली ओंजळ सांडायची. आपल्या ज्या विहिरीला आपण शिनवाऱ्याची बाव म्हणतो तिला इथे दग्याची बाव म्हणतात.

मग तिने विचारलं, "बाई, तुमचा गाव कोणचा?"

मी दांडी म्हणाले, केवडाळी नाही.

अण्णा, तुम्ही मला खोटं बोलायला कधी शिकवलं नाहीत. ते माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मलाच भीती वाटली. बुधीने मान हलवली आणि ताट वाढलं. मी जेवले. त्या घरातलं जेवले, त्यांच्याशी खोटं बोलून.

नंतर मला झोप नीट लागली नाही. आपल्याकडे मजुरांना घरातलं कोणी हातात पाणी देत नाही, कळशी ओट्याखाली ठेवतात. मला वाटायचं तो आपला विटाळ, आणि त्याची लाज मला होतीच. आता वाटतं, ते आपल्या हातचं घेणार नाहीत हेही आपल्या घरात कोणाला तरी ठाऊक असेल. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं की हे लोक त्या कळशीतलं पाणीही का सांडतात, शिनवाऱ्या तर विहिरीवर प्यायला होता. तुम्ही मला पुढचं अक्षर गिरवायला सांगितलंत. तुम्हाला माहीत होतं का, हे मी विचारत नाही. विचारायचं धैर्य नाही.

काल मी बुधीकडे गेले आणि सांगितलं की माझं गाव दांडी नाही. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाव हाय. केवडाळीच्या वाडीत आमी तोडनीला यायचो. तू परकर नेसून आमच्या मागं मागं ओंजळ सांडायचीस. आमी हसायचो, म्हनायचो बघा, मालकाच्या पोरीलाबी मालकाचा भरवसा नाय."

म्हणजे होळीला तिने गाव विचारलं ते ठाऊक असूनच. मला खरं बोलायची एक संधी दिली होती.

तिने हात धुतले आणि पुन्हा विचारलं, "आता सांग. तुझा गाव कोणचा?"

मी केवडाळी म्हणाले. घराचं नावही सांगितलं. तिने तांब्या पुढे केला. मी एक थेंब न सांडता सगळं पाणी प्यायले. ठसका लागला तरी प्यायले.

मी म्हटलं, आता तुम्ही पाडव्याला येऊ नका. तर ती म्हणाली, "येऊ की. बोलावलास ना? पानी आमचा आमी आनू."

तेव्हा हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बुधी येईल, जिवल्या येईल, आणखी कोण कोण येतील. दगड बसवायचा की नाही, त्यावर काय असावं, हे तुम्ही ठरवा. मी मुलगी आहे, तुम्हाला सांगण्याचा अधिकार मला नाही. पण तिथे कोणी मला विचारलं तर मी दांडी म्हणणार नाही.

एवढीच विनंती. ते त्यांनी आणलेल्या कळशीतलं पाणी तुम्हालाही देतील. सगळ्यांसमोर देतील. अण्णा, सवयीने पहिली ओंजळ सांडू नका.

आईला नमस्कार.

तुमची, केवडाळीची,
शालू